कौल अडला तो चैत्र

चैत्र लागला की या पट्ट्यात ऑइलपेंटचा वास सुटतो. नाशिक रस्त्याने भोसरी मागे टाकून चाकणकडे निघाले की आजही तो येतो. गावोगावच्या यात्रा तोंडावर आलेल्या असतात. देवळांचे खांब, वेशीच्या कमानी, शर्यतीचे गाडे, जे उभे आहे ते रंगवून काढले जाते. यंदा त्या वासासाठी इतक्या लांब जावे लागले नाही. चिंचवडला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर कुणीतरी खिडक्यांचे गज रंगवायला काढले आणि वास जिन्याने वर आला. दुसऱ्या दिवशी रंग वाळला, वास गेला. सगळीकडे असेच होते. एका वर्षी एका गावात मात्र रंग वाळलाच नव्हता, आणि त्या न वाळलेल्या रंगापायी सगळे गाव खोळंबून बसले होते.

ही सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाला या औद्योगिक पट्ट्यातल्या बातम्या पुरवत असे आणि कासारवाडीला स्टेशनजवळ एका खोलीत राहत असे. बातम्या ठरलेल्या होत्या. गेटसभा, संप, तडजोड, अपघात, पाण्याची ओरड. चाकणकडे कारखाने अजून गेले नव्हते. तिकडची माणसे मात्र कारखान्यांकडे येऊ लागली होती. शेताच्या बांधावरून सायकल हातात धरून यायचे, डांबरी रस्ता लागला की वर बसायचे, आणि भोंगा व्हायच्या आत गेटात शिरायचे. घरी जमीन, कंपनीत नोकरी. चैत्रात या माणसांची रजा मिळवण्याची धडपड पाहण्यासारखी असे. फोरमनला प्रत्येकाच्या गावचा देव तोंडपाठ झालेला होता.

त्या महिन्यातला तो मुलूख डोळ्यांसमोर आहे. ज्वारी निघून गेलेली, रानात धसकटे, घरापुढे कडब्याच्या गंजी. कडुनिंबाला मोहोर आलेला, त्याचा कडवट गोड वास दुपारी वाऱ्याबरोबर अंगावर यायचा. करंजाची पालवी इतकी कोवळी की तिच्यावर ऊन पडले तर डोळे दिपत. लांब कुठेतरी हलगी वाजत असे आणि तिच्यामागून बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावरून माणसांचा एकदम उठलेला ओरडा. गावात शिरले की पुरणाच्या पोळीचा, गुलालाचा, जनावरांचा वास. आणि या सगळ्यावर ऑइलपेंट.

देवळे माझ्या बातमीत यायची ती ‘जीर्णोद्धार’ या एका शब्दापुरती. आमच्या कचेरीत हा शब्द सर्वांना आवडे, कारण त्याला कुणाचा विरोध नसे. पाच-सहा ओळी, प्रमुख पाहुण्यांची नावे, शेवटी भाविकांची गर्दी. दगडाचे देऊळ होते तिथे सिमेंटचे झाले, ही खरी बातमी त्या शब्दाच्या पोटात गडप होऊन जाई. जुन्या देवळाचे घडीव दगड पुढे कुठे जातात हे मला फिरता फिरता कळले. गोठ्याच्या पायरीला, पाणवठ्याच्या ओट्याला, एका ठिकाणी तर चहाच्या टपरीला. नर्तकीची कोरीव कंबर आणि तिच्यावर बशा धुऊन पालथ्या घातलेल्या. ते पाहून मला त्या वेळी फार काही वाटले होते, असे म्हणता येणार नाही. बातमी नव्हती.

धामणवाडीचा बबन मला एका गेटसभेत भेटला. तिशीचा, कंपनीत असेंब्लीला, बोलताना समोरच्याच्या शर्टाचे बटण धरण्याची सवय. गावच्या यात्रा कमिटीचा तो अध्यक्ष होता.

“राव, संपाच्या बातम्या किती टाकताय? आमच्या नाथसाहेबाची टाका एक. देवळाचा उद्धार करायचाय.”

नाथसाहेब म्हणजे गावचा भैरवनाथ. शेजारच्या दोन्ही गावांनी सिमेंटचे उंच शिखर चढवले होते, आणि कंपनीच्या बसमध्ये त्या गावची पोरे धामणवाडीच्या पोरांना म्हणत, “तुमचा नाथ अजून गुहेत राहतो व्हय रं?” हे बबनला लागले होते. देवावर त्याची माया होती म्हणूनच लागले होते, हे लक्षात घेतले पाहिजे. आपण कुडाच्या घरातून विटांच्या घरात आलो, देव मात्र आजोबा-पणजोबांच्या अंधारातच, हे त्याला बरे वाटत नव्हते. बेत साधा होता. यंदाची यात्रा जुन्या देवळात थाटात करायची, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर देवाला कौल लावायचा, होकार मिळाला की अक्षय तृतीयेला पहिला दगड उतरवायचा. आराखडा तयार होता. त्यात शिखर होते, जाळ्या होत्या, फरशी होती.

मी यात्रेच्या आधी देऊळ पाहायला गेलो. बाहेरून पाहिले तर ते दगडाचे आहे हे ओळखूही येत नव्हते. चुन्यावर चुना, त्यावर निळा, त्यावर पिवळा, हात हात जाड लेप चढल्यासारखे सगळे कोपरे गोल झालेले. दार इतके ठेंगणे की सरपंच असो की पाहुणा, कमरेत वाकूनच आत. आत मात्र एकदम वेगळे हवामान. बाहेर पाय भाजत होते आणि आत माठाला गाल लावल्यासारखा गारवा. चार खांबांच्या मंडपात तिसऱ्या पाळीहून आलेली माणसे पंचे अंथरून झोपली होती. घरी पत्र्याखाली दिवसा झोप लागत नाही, म्हणून ती इथे येत. देवासमोर घोरत पडलेल्या माणसांना ओलांडत गुरव शांतपणे दिवा सारखा करत होता.

त्यांचे नाव गेनूबा. गुरवकी त्यांच्या घरात बापजाद्यांपासून. ते एका खांबाला हात लावत, पुढे होत, दुसऱ्या खांबाला हात लावत, उंबऱ्याला पाय न अडखळता गाभाऱ्यात शिरत. मला ती भक्तीची रीत वाटली. मी निघताना त्यांनी चहा दिला तेव्हा कप माझ्या हाताच्या वीतभर उजवीकडे धरला होता, आणि मग माझ्या ध्यानात आले. त्यांचे डोळे मोतीबिंदू पिकून पांढरे झाले होते.

“ओळखलंसा व्हय,” ते म्हणाले. “गावात बोलू नका. कुणाला ठावं न्हाई.”

मी विचारले, “नव्या देवळाचं कसं होईल?”

त्यांनी जवळच्या खांबाच्या कंगोऱ्यावरून अंगठा फिरवला. “ह्या खांबाला हितं एक खवला उडालाय. त्यो लागला की म्या वळतो. त्या खांबापशी पायाखाली दगुड खोल झालाय, तितं वाकतो. नव्या देवळात मला आंधळा म्हणतील. हितं म्हणत न्हाईत.” मग थोडे थांबून म्हणाले, “बबन उद्धार म्हणतोय. त्याच्या बानं बी माझ्या सात पिढ्यांचा लई उद्धार केलाय, शर्यतीत गाड्याच्या नंबरावरनं. पर देऊळ सोडलं हुतं.”

हे त्यांनी हसत सांगितले. पण त्यांना कमिटीपुढे बोलता येत नव्हते. विरोध केला तर कारण सांगावे लागेल, आणि कारण सांगितले तर गुरवकीच जाईल, असे त्यांचे गणित होते. त्यांची सगळी मदार कौलावर होती. आणि कौल म्हणजे काय, तर फुलाची एक पाकळी.

जुन्या दगडी वास्तूंचे जतन या विषयावर मी पुढे बरीच भाषणे ऐकली, त्यांचे वृत्तान्त लिहिले. त्यांत शतके असत, राजवंश असत, शैलीची नावे असत. धामणवाडीच्या देवळावर शतक लिहिलेले नव्हते. ते कुणी बांधले हे गावात कुणाला माहीत नव्हते. विचारले तर “पांडवांनी” असे उत्तर येई, आणि ते देणाराही फारसा गंभीर नसे. सरकारी यादीत ते नव्हते. ‘वारसा’ हा शब्द त्या गावात सातबाऱ्याच्या संदर्भातच निघे. दगडी देऊळ टिकते ते बहुतेक अशा कारणांनी, जी भाषणात सांगता येत नाहीत. दुपारी झोप चांगली लागते. अंगठ्याला खवला सापडतो.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात बबनने पिंपरीच्या भंगारवाल्याकडून रंगाचे एक पिंप आणले. कुठल्याशा कंपनीने टाकून दिलेला माल होता, पिंपावरचा कागद फाटलेला. झाकण उघडले तर आत शेंदरी रंग. साधा शेंदरी नाही, हुबेहूब देवाच्या शेंदराचा. बबनने देवळाकडे पाहून हात जोडले. म्हणाला, “नाथानंच धाडलाय.” पोरांनी मंडपाचे चारही खांब, गाभाऱ्याची चौकट, तुळया, सगळे त्या रंगाने रंगवून काढले. देवाला मात्र गुरवाशिवाय कुणी हात लावत नाही. दरवर्षी यात्रेला गेनूबा तेलात शेंदूर खलून देवाला लेप देत. त्या वर्षी बबनने वाटीभर रंग त्यांच्या हातात दिला. “गेनूबा, ह्योच लावा की. शेंदूर गळतो, ह्यो गळायचा न्हाई. कंपनीचा माल हाय.” गेनूबांनी वास घेतला, नाक मुरडले, आणि लावला. नंतर सगळे म्हणाले की देव आरशासारखा चमकतोय, तेव्हा तेही खूश झाले.

यात्रेचा पहिला दिवस गुलालात गेला. गर्दीत खांबाला टेकलेल्या माणसांच्या पाठीवर शेंदरी पट्टे उठले, तेव्हा लोक हसले. “ओला हाय अजून, सरका.” मंडपात झोपायला आलेल्या एकाची टोपी खांबाला चिकटली ती ओढून काढावी लागली. एवढ्यावर कुणी विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी कौल. मी वहीत टिपण्याइतका जवळ उभा होतो. बबनची आई कोंडाबाई सगळ्यांत पुढे बसली होती. कौलाशिवाय देवळाचा खडाही हलवू देणार नाही, असे तिनेच मुलाला बजावले होते. देवाच्या दोन्ही खांद्यांवर चाफ्याची एकेक ओली पाकळी लावायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गेनूबांनी पाण्यात बुडवून पाकळ्या लावल्या. बबनने हात जोडून मोठ्याने विचारले, “नाथसाहेब, तुजं नवं देऊळ बांधायचं मनात हाय. जुनं उतरवू का?”

सगळे थांबले. गाभाऱ्याबाहेर वाद्ये थांबलेली. गेनूबा देवाच्या बाजूला उभे, मान खाली, कानाने पाकळी पडण्याची वाट पाहत. मी त्यांच्याकडेच पाहत होतो. चेहरा घामाने डबडबलेला होता आणि त्या गारव्यात तो घाम उन्हाचा नव्हता.

पाकळी पडली नाही. उजवी नाही आणि डावीही नाही.

लोकांनी भजन म्हणून घेतले. नारळ फोडले. मागे पोरे रडायला लागली, त्यांना बाहेर नेले. ऊन दारातून आत आले आणि परत बाहेर गेले. पाकळ्या कोमेजल्या, तपकिरी झाल्या, कडेने वळल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

“देव इचारात पडलाय,” एक म्हातारा म्हणाला.

“इचारात न्हाई, रागावलाय,” कोंडाबाई म्हणाली. “बबन, काय खाऊन आला हुतास का सकाळी?”

“आये, उपास हाय माजा.”

“मंग ह्या सगळ्या टोळीत कुणीतरी काय केलंय. उद्या लावा परत.”

दुसऱ्या दिवशी परत लावला. तेच. आता गाव हादरले. शेजारच्या गावचे पाहुणे गंमत पाहायला आले. “तुमचा नाथ बोलंना झालाय म्हणं.” बबनचा चेहरा उतरला. रजा संपत आली होती आणि होकार नाही की नकार नाही, अशा स्थितीत त्याला करायला काहीच नव्हते. गेनूबांची अवस्था त्याहून वाईट. रंगाच्या चिकट थरात खांबाचा खवला बुजून गेला होता. मी पाहत असताना ते चौकटीला धडकले आणि कपाळ चोळत म्हणाले, “रंगाची घेरी आली.”

गुंता सोडवला यशवंतने. तो बौद्धवाडीतला, बबनच्याच बसने कंपनीला जाणारा, पण पेंट शॉपमध्ये. देवळाच्या कामात त्याला कुणी विचारले नव्हते आणि त्यालाही देवळाचे सोयरसुतक नव्हते. पारावर बबन डोके धरून बसला होता, तिथे सायकल थांबवून त्याने विचारले, “काय भाऊ, देवानं संप केला म्हणं?” बबनने त्याला घडले ते सगळे सांगितले. यशवंत देवळाबाहेरच्या ओट्यावर ठेवलेल्या पिंपापाशी गेला, बोट बुडवले, अंगठ्यावर घासले, आणि हसू लागला. इतका हसला की सायकल पडली.

“आरं, ह्यो भट्टीचा रंग हाय! आमच्याकडं पत्र्याला मारला की भट्टीतनं काढत्यात, तवा वाळतो. उन्हात वरीसभर ठेवलास तरी चिकटच राहणार.”

“मग आता रं?”

“आता देऊळ भट्टीत घाल.”

पारावर एकाला हसू फुटले, मग सगळ्यांना. कारखान्याच्या पट्ट्यातच होऊ शकेल अशी ती चूक होती. रंग आपलाच, भट्टी आपलीच, पण असेंब्लीच्या माणसाला पेंट शॉप माहीत नाही. कोंडाबाईला मात्र हसू आले नाही. तिला एवढेच कळले की देव मुका नाही, त्याच्या खांद्याला गोंद लागला आहे. ती म्हणाली, “मंग पुसा त्यो. देवाचं तोंड मोकळं करा. तवर एक दगुड हलवायचा न्हाई.”

वैशाख त्यात गेला. रंग विरघळवणाऱ्या थिनरचे नाव यशवंतने सांगितले आणि दोन दिवसांनी स्वतःच चिंध्या घेऊन बाहेरच्या भिंतीला भिडला. कुणी आश्चर्य व्यक्त केले तर म्हणाला, “देवासाठी न्हाई आलो. रंगाची बदनामी व्हतीय म्हणून आलो.” पहिल्या पाळीची माणसे दुपारनंतर येत, दुसऱ्या पाळीची सकाळी. बबनचा बेत फक्त शेंदरी रंग काढायचा होता. पण थिनर लागले की खालचा निळाही सुटे, निळ्याबरोबर पिवळा, आणि मग चुन्याचे पापुद्रे आपोआप ढिले होत. दगडाला लोखंड लावायचे नाही, असा गेनूबांचा एकच हट्ट होता. म्हणून बांबूच्या कामट्या तासून खरवडायचे. देवाचे अंग मात्र ते एकटेच पुसत, दार लोटून, तेलाच्या फडक्याने. कंपनीचा रंग गेला आणि जुना शेंदूर राहिला तेवढ्यावर थांबले.

मी पंधरवड्याने गेलो तेव्हा मंडपात कामट्यांचा खर्र खर्र आवाज भरून राहिला होता. खांबांचे मूळ अंग बाहेर आले होते. काळाभोर दगड, आणि त्यावर पुसट टाकीचे घाव, सगळे एका तिरक्या दिशेने. कंगोरे इतके धारदार की गोल देवळाला एकदम कोपरे फुटले. बबन एका सांध्यासमोर उकिडवा बसला होता. त्याने मला जवळ बोलावले.

“राव, ह्यात चुना न्हाई. म्या समजत हुतो चुन्यावर हाय सगळं. नुसता दगडावर दगुड हाय.”

त्याच्या हातात फीलर गेज होते, पातळ पोलादी पात्यांची ती जुडी, जी दोन भागांतली फट मोजायला वापरतात. त्याने सगळ्यात पातळ पाते काढले आणि सांध्यावर धरले. पाते शिरेना. थोडे वर धरले. शिरेना. आजूबाजूची चार-पाच माणसे खरवडायचे थांबून बघत होती. फिटर, टर्नर, एक जण तपासणी विभागातला.

“आपल्यात असा फिटर न्हाई,” त्यांतला एक म्हणाला.

“असता तर कवाच फोरमन झाला असता.”

“झाला नसता. असा माणूस सायबाला उलटं बोलतो.”

मग त्यांना खुणा सापडल्या. प्रत्येक दगडाच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी एक आकृती कोरलेली. कुठे मासोळी, कुठे धनुष्य, कुठे त्रिशूळ. पाथरवटांच्या या खुणा जुन्या बांधकामांत असतात आणि अभ्यासक त्यांच्यावर लिहितात, हे मला पुष्कळ नंतर वाचनात आले. मंडपातल्या माणसांना ते वाचायची गरज पडली नाही. तपासणीवाला खाली वाकला आणि ओरडला, “आरं, ह्यो तर पंच हाय!” कंपनीत प्रत्येक कामगार आपल्या हातच्या जॉबवर आपला पंच मारतो, म्हणजे पुढे खोट निघाली तर कुणाची ते कळते. तशीच ही प्रत्येकाची खूण. त्यानंतर दुपार कशी गेली कळले नाही. माणसे दगडामागून दगड शोधत फिरत होती.

“ह्यो मासोळीवाला कामाला जबर हुता. बघ, एक सांधा उघडा न्हाई.”

“आणि ह्यो त्रिशूळवाला? हितं थोडी फट हाय.”

“ओव्हरटाइमचं काम दिसतंय.”

“न्हाई रं, यात्रा तोंडावर आली असंल. रजा पायजे असंल.”

गेनूबा खांबाजवळ उभे राहून हे ऐकत होते. अंगठा खवल्यावर होता. खवला परत सापडला होता, हे त्यांच्या उभे राहण्यावरूनच कळत होते. इतके दिवस ते आपल्याच देवळात चाचपडत चालत होते.

मत कसे बदलते, याची बातमी होत नाही. धामणवाडीत त्यानंतर सभा झाली नाही, ठराव झाला नाही, बबनने भाषण केले नाही. आराखडा कुणी फाडला नाही. तो कमिटीच्या पेटीत तसाच राहिला. फक्त अक्षय तृतीया त्या खरवडण्यातच आली आणि गेली, आणि पहिला दगड कधी उतरवायचा हे कुणी विचारले नाही. शेजारच्या गावच्या पोरांनी बसमध्ये परत तेच काढले तेव्हा बबनने, म्हणे, खिशातले गेज काढून त्यांना विचारले, “तुमच्या शिखराच्या भेगेत ह्यातलं कोणतं पातं जातंय, सांगता का?”

आज त्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना गोदामे, कंटेनर, हॉटेले. कितीतरी देवळांना स्नानगृहाच्या फरश्या लागल्या आहेत. त्यांत श्रद्धा कमी आहे असे मी म्हणणार नाही. बबनच्या पिंपातही ती काठोकाठ भरलेली होती. पाडणारे आणि जपणारे ही दोन वेगळ्या जातीची माणसे असतात, असे आपण भाषणांत धरून चालतो. मी पाहिले ती माणसे तीच होती. मधे फक्त एक वैशाख गेला होता आणि त्यांचे हात दगडाला लागले होते.

कौल मात्र राहून गेला होता, आणि कोंडाबाई अर्धवट सोडणारी बाई नव्हती. देवाला प्रश्न विचारला आहे, त्याचे तोंड आता मोकळे आहे, तर उत्तर घेतलेच पाहिजे. वैशाख सरता सरता एका रविवारी सकाळी गाव पुन्हा मंडपात बसले. उघड्या दगडामुळे जागा वाढल्यासारखी वाटत होती. यशवंत दाराबाहेर सायकलला टेकून उभा होता. गेनूबांनी पाकळ्या लावल्या. सिमेंटची धास्ती कमी झाली होती, पण देवाचा काय नेम, आणि बबन काय विचारणार हे त्यांना माहीत नव्हते. होकार आला तर तो कशाला, हे प्रश्नावर होते.

बबनने हात जोडले. मग म्हणाला, “नाथसाहेब, तुज्या देवळाचा दगुड आमी हलवणार न्हाई. रंग बी लावणार न्हाई. तुला चालंल का?”

“प्रश्न बदललास व्हय रं?” कोंडाबाई म्हणाली.

“प्रश्न आपला आये, उत्तर त्याचं.”

पाकळी पडायला वेळ लागला नाही. शेंदरावरून घसरून ती देवाच्या पायाशी आली आणि मंडपातून एकच श्वास सुटला. इतकी माणसे इतका वेळ श्वास धरून होती हे तेव्हाच कळले. कुणी ओरडले नाही. आता गुरवाने सांगायचे असते, उजवा की डावा. ती रीतच आहे. त्याने सांगितल्याशिवाय कौल होत नाही.

गेनूबांनी देवाच्या खांद्याकडे हात नेला. उजव्या खांद्यापर्यंत पोचून तो थांबला, कारण चाचपताना चुकून दुसरी पाकळीही पडली असती. हात तसाच हवेत राहिला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मग त्यांनी हात खाली घेतला आणि मान आमच्याकडे वळवली.

“कोन्त्या अंगाला पडली?” ते म्हणाले. “मला दिसत न्हाई.”

गुडघ्यावर हात टेकून कोंडाबाई उठली, त्यांच्याजवळ गेली.

“उजव्या,” ती म्हणाली. “आणि तुला दिसत न्हाई, हे गावाला कवाचंच ठावं हाय गेनूबा. तू सांगत नव्हतास, म्हणून आमी बी न्हाई सांगितलं.”

मग गेनूबा दरवर्षीसारखे गावाकडे तोंड करून, छाती भरून ओरडले, “उजवा!”